काही खाल्लंय का, दिदी?

“काही खाल्लंय का, दिदी?” अस्मितानं विचारलं, आणि मी ट्रॉलीवर पडल्या पडल्या तिच्यावर अशी काही नजर टाकली की बिचारी दोन पावलं मागे सरकली.

हा प्रश्न तिला मीच शिकवलाय. तो कसा विचारायचा, उत्तर ऐकताना पेशंटच्या डोळ्यांकडे न बघता ओठांकडे का बघायचं, ‘नाही’ म्हणाला तरी जवळ जाऊन वास का घ्यायचा, सगळं. नेपाळातल्या पाटणमध्ये, आमच्या हॉस्पिटलात, भूल द्यायच्या खोलीत जी पोरगी येते ती आधी माझ्या हाताखालून जाते. आणि ही अस्मिता घर्ती, माझी सगळ्यात हुशार पोरगी, मला असं विचारत होती जसं काही माझं वय विचारतेय.

“हे काय विचारणं झालं?” मी म्हटलं. “पुन्हा विचार. मी हेराशोभा सिस्टर नाही, पेशंट आहे.”

तिनं पुन्हा विचारलं. खाणं नाही, पाणी नाही, चहा नाही, गोळी नाही. मग ती अडली. पुढचा प्रश्न सगुनाचा होता, आणि तो विसरायचा नाही हेही मीच तिला ओरडून ओरडून शिकवलं होतं.

“सगुन?” तिनं हळूच विचारलं.

“नाही,” मी म्हटलं. “कुणी दिलंच नाही.”

ते शेवटचं वाक्य बोलायची काही गरज नव्हती.

आम्हा नेवारांत कुणी मोठ्या कामाला निघालं की घरातली थोरली बाई त्याला सगुन देते. परीक्षा असो, परदेशचं विमान असो, कोर्टाची तारीख असो. ती दोन्ही हातांची फुली करते, उजवा वर, डावा खाली. एका हातानं उकडून तळलेलं अंडं आणि सुका मासा देते, दुसऱ्यानं आयलाची वाटी. आयला म्हणजे घरी गाळलेली दारू, चांगली उतरली तर काडी लावल्यावर निळी पेटते. अंड्याचा एक घास, आयलाचा एक घोट, मग उंबरा ओलांडायचा. आता ऑपरेशनपेक्षा मोठं काम ते कुठलं? म्हणून लोक नेमके तेव्हाच ताट घेऊन येतात, भुलेची सुई तयार असताना.

कुठून कुठून अंडी येताना पाहिलीत मी! शालीत, टोपीत, तान्ह्या बाळाच्या दुपट्यात, एकदा तर एक्स-रेच्या मोठ्या पाकिटात. आयला खोकल्याच्या औषधाच्या बाटलीतून. शाळेत विज्ञान शिकवणारे एक मास्तर होते, त्यांच्या मिशीत माशाचा खवला अडकलेला. विचारलं तर म्हणाले, “सगुन आहे ते सिस्टर, खाणं नव्हे.” जसं काही पोटाला ते वेगळं कळतं! अहो, भूल दिली की माणसाबरोबर त्याच्या घशाचा राखणदारही झोपतो. पोटातलं वर येतं आणि सरळ छातीत उतरतं. मी ते एकदा डोळ्यांनी पाहिलंय आणि मला ते पुन्हा पाहायचं नाही, एवढंच माझं म्हणणं. पण पालथ्या घड्यावर पाणी. मंगलबाजारात भाजी घ्यायला गेले की बायका एकमेकींना कोपरानं ढोसतात, ती बघ, ताटं हिसकावणारी.

तर अशी मी, आणि माझ्याच पित्ताशयात खडे निघाले. कळा अशा की जिन्यात बसावं लागे. डॉक्टर राजभंडारी म्हणाले, सूज आहे, आता पुढे ढकलायचं नाही.

मला भीती वाटत होती. सर्जनची नाही, त्यांचा हात चांगला आहे. भुलेची. आजवर किती माणसं मी हसत हसत झोपवली, ‘काही होत नाही, मोठा श्वास घ्या’ म्हणत. त्या झोपेत माणूस किती बारीक दोरीवर असतो ते मी त्यांना कळू दिलं नाही. स्वतःची पाळी आली तेव्हा हे सगळं माहीत असलेली त्या घरात मी एकटीच होते.

आणि मला सगुन हवं होतं. माझ्यासारखीनं हे कबूल करायचं म्हणजे अवघड आहे, पण हवं होतं. नर्सिंगच्या परीक्षेला निघाले तेव्हा मांनं दिलं होतं. पहिल्या ड्यूटीला दिलं, ट्रेनिंगला वीरगंजला गेले तेव्हा दिलं. मां गेल्यावर घरात थोरली भाउजू, माझ्या दाइची, म्हणजे थोरल्या भावाची, बायको ज्ञानकेशरी. मी लग्न केलं नाही, त्याच घरात राहते, आणि वाढदिवसाला, दिवाळीतल्या म्हपूजेला भाउजूच मला सगुन देते. सगुनाशिवाय मी कधी कुठे निघालेच नव्हते. मला खायचं नव्हतं हो! कुणीतरी समोर ताट धरावं, मी ‘नको’ म्हणावं, त्यांनी आग्रह करावा, मी चांगली फाडफाड बोलावं. एवढं झालं असतं तरी मी निवांत ट्रॉलीवर चढले असते.

आणि घरच्यांनी काय करावं? माझं ऐकलं. उभ्या जन्मात पहिल्यांदा.

आदल्या संध्याकाळी भाउजूनं मला मऊ भात वाढला, नंतर स्वयंपाकघराला कुलूप घातलं आणि किल्ली कमरेच्या पटुक्यात खोचली. दाइ पाणी मागत होता, तर त्याला खाली अंगणातल्या नळावर पाठवलं. नातवाच्या हातातलं बिस्कीट काढून घेतलं, हेराआजीसमोर खायचं नाही म्हणून. मला तर कपाळ बडवावंसं वाटलं.

मग आमची निनी आली. वडिलांची बहीण, पाठीत वाकलेली, शेजारच्या बहालमध्ये, पलीकडच्या चौकात, राहते. कपड्यानं झाकलेलं ताट घेऊन जिना चढत होती. भाउजूनं तिला मधल्या मजल्यावरच अडवलं. मी माझ्या खोलीत पिशवी भरत होते, सगळं ऐकू येत होतं.

“ताट खाली न्या, निनी. हेरा रागावेल.”

“रागावू दे. आईविना पोर निघालीय. कुणी द्यायचं तिला?”

“कुणीच नाही. तिनंच सांगितलंय.” भाउजूचा आवाज अगदी ठाम होता. “इतकी वर्षं ती ओरडतेय, आपल्या माणसांनी तिचं कधी ऐकलं नाही. आता तिच्याच जिवावर बेतलंय तर आपण तरी ऐकू या.”

“अगं पण उद्या सकाळपर्यंत पोटात राहतंय का ते?”

“मला नाही कळत त्यातलं. नियम म्हणजे नियम.”

निनीचं बरोबर होतं. आदल्या संध्याकाळी खाल्लेलं सकाळपर्यंत पोटात राहत नाही. हॉस्पिटलात मी स्वतः नातेवाइकांना सांगते, बाबांनो, काय द्यायचं ते आदल्या दिवशी द्या. घरात तेवढं सांगायचं राहून गेलं होतं. दार उघडून एक शब्द बोलले असते तर ताट वर आलं असतं. मी बोलले नाही. नियम करणारीनं स्वतःसाठी पळवाट मागायची म्हणजे काय? निनी पुटपुटत जिना उतरली, आणि मी मोजे घडी करत बसले, जे आधीच घडी केलेले होते.

सकाळी टॅक्सीत भाउजूचे हात तिच्या मांडीवर होते. मोकळे. मी दोनदा पाहिलं.

“आम्हीही काही खाल्लं नाहीये,” ती मला धीर द्यायला म्हणाली.

“तुम्ही का नाही खाल्लं? तुमचं ऑपरेशन आहे?”

“तू उपाशी असताना आम्ही कसं खायचं?”

आता या बाईला काय बोलणार! मी खिडकीकडे तोंड केलं.

थिएटरबाहेरच्या खोलीत माझ्या शेजारी खोकना गावच्या एका म्हातारीची ट्रॉली होती. हर्नियासाठी आलेली. मुलगा आणि सून तिच्यावर वाकून उभे, सुनेच्या शालीखाली काहीतरी फुगलेलं. आणि मला तो वास आला. तळलेल्या माशाचा वास मला झोपेतही ओळखता येतो.

“शालीत काय आहे?” मी आडव्याची उठून बसले.

मुलानं माझ्याकडे पाहिलं. माझ्या डोक्याला हिरवी टोपी, मागून नाड्या बांधलेला गाऊन, पायात काही नाही. तो म्हणाला, “तुम्हाला काय करायचंय? तुम्ही आपलं पडून राहा ना.”

“आईला मारायचं असेल तर दे. नसेल तर ते ताट बाहेर घेऊन जा. अस्मिता!”

अस्मिता धावत आली, तिनं ताट बाहेर पाठवलं. अंड्याला अजून दात लागला नव्हता म्हणून म्हातारीचं ऑपरेशन वाचलं. मुलगा माझ्याकडे खाऊ की गिळू असं बघत बाहेर गेला. म्हातारी मात्र रागावली नाही. मान वळवून माझ्याकडे बघत राहिली.

“तुझं झालं?” तिनं विचारलं.

“काय?”

“सगुन.”

“नाही, आजी. ऑपरेशनच्या आधी खायचं नसतं.”

“खायचं नसतं ते मला पण सांगितलं होतं. तरी माझ्या सुनेनं आणलं. तुला कुणी नाही वाटतं.”

“आहेत,” मी म्हटलं. “सगळे आहेत. बाहेर बाकावर बसलेत.”

म्हातारीनं “अच्छा” म्हटलं आणि पुढे काही विचारलं नाही. त्यापेक्षा तिनं चार शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

थिएटरात मला टेबलावर घेतलं. सगळी नोकरी तिथे काढली, पण वरचं छत कधी बघितलं नव्हतं. दिव्याच्या मागे एक ओलीचा डाग आहे, आणि प्रत्येक पेशंटला शेवटचा तोच दिसतो हे मला इतकी वर्षं कुणी सांगितलं नाही. अस्मितानं डाव्या हातात सुई लावली. हात गार होते तिचे. “आधी हात चोळून घ्यावेत,” मी म्हटलं. “हो दिदी.” “आणि पेशंटशी बोलत राहावं.” “हो दिदी.” पण बोलली मात्र काही नाही. भुलेचे डॉक्टर पोखरेल डोक्याशी उभे होते. म्हणाले, “आज तरी आम्हाला शिकवू नका, सिस्टर, आज आमची परीक्षा आहे.” मला म्हणायचं होतं की परीक्षेला निघताना घरचे काहीतरी हातावर ठेवतात. पण मास्क आला, आणि मी शहाण्यासारखा मोठा श्वास घेतला.

जाग आली तेव्हा घसा कोरडा होता आणि पोटात कुणी मुठीनं दाबल्यासारखं दुखत होतं. म्हणजे जिवंत होते. रिकव्हरीच्या खोलीत पडदा ओढलेला. डॉक्टर पोखरेल आले, त्यांनी स्वतःच्या हातानं माझं पांघरूण नीट केलं आणि म्हणाले, “आराम करा, दिदी.”

मी घाबरले. या माणसानं माझी थट्टा केल्याशिवाय एक दिवस घालवलेला नाही. आणि दिदी? मला ते कायम सिस्टर म्हणतात. काहीतरी बिघडलं होतं. मी पांघरुणात डावा हात घालून पोटावरच्या पट्ट्या चाचपल्या. लहान लहानच होत्या. पोट मोठं उघडावं लागलं नव्हतं.

“अस्मिता, काय झालं आत?”

“काही नाही. छान झालं सगळं. खडे बाटलीत ठेवलेत, दाखवू?”

“मग तुझे डोळे का लाल आहेत?”

“जागरण झालंय.”

“काल तुला सुट्टी होती. मीच दिलेली.”

ती सलाईनच्या बाटलीकडे बघायला लागली. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. भुलेतून बाहेर येताना माणूस काहीही बोलतो. जिभेला लगाम नसतो आणि नंतर त्याला काही आठवत नाही. एक पोलीस हवालदार हात जोडून बायकोची माफी मागत होता. बँकेचे एक मोठे साहेब स्वतःचं शाळेचं दप्तर शोधत होते. चहाच्या सुट्टीत या गोष्टी सांगून आम्ही पोट धरून हसतो, आणि त्या सगळ्यात रंगवून मी सांगते. पुष्कळ जण आईला हाक मारतात. साठी उलटलेले बाप्येसुद्धा. त्याला तर आम्ही हसतही नाही, इतकं ते नेहमीचं.

“मी काय बोलले?”

“दिदी, सगळेच बोलतात.”

“मी सगळे नाही. काय बोलले?”

ती सांगेना. मी दरडावलं, तरी सांगेना. मग मी सुई उपसून उठते म्हटलं, तेव्हा ती खुर्ची ओढून बसली आणि खाली बघत सांगायला लागली. मी म्हणे जागी होता होता मांला हाका मारायला लागले. मां, मी निघाले, उशीर होतोय, सगुन दे ना. दोन्ही हात पुढे पसरले होते आणि रडत होते. अस्मितानं समजावलं, पोखरेलांनी समजावलं, ऐकेना. हात खाली घेईना. डाव्या हातातली सुई निघायला आली. शेवटी पोखरेल म्हणाले, घरचं कुणी बाहेर असेल तर आत घ्या.

“रिकव्हरीत नातेवाईक?” मी म्हटलं. “कुणी सांगितलं तुम्हाला असले उद्योग करायला? आणि चपला?”

“वरून पिशव्या घातल्या होत्या, दिदी.”

“मग?”

“तुमच्या भाउजू आल्या. तुम्ही त्यांनाच मां म्हणायला लागलात.” तिनं नाक पुसलं. “त्यांच्याकडे काही नव्हतं. त्यांनी अशी हातांची फुली केली, उजवा वर, आणि तुमच्या हातांवर रिकामेच ठेवले. म्हणाल्या, हे घे अंडं, हा मासा, ही आयला. घे बाळ, आणि जा आता, उशीर होतोय. तुम्ही मुठी मिटल्यात आणि झोपलात. मग त्या दाराबाहेर जाऊन भिंतीला टेकून उभ्या राहिल्या, खूप वेळ.”

मी डोळे मिटून घेतले. पोटातलं दुखणं परवडलं. सगळ्या विभागासमोर! उद्यापासून या पोरी मला तोंडावर काही बोलणार नाहीत, गोड गोड वागतील, आणि तेच मला सहन होणार नाही.

“चहाच्या वेळी हे कुणाला सांगितलंस तर बघ,” मी म्हटलं.

“कुणी नाही सांगणार, दिदी. तिथे हसायला कुणाला आलंच नाही.”

संध्याकाळी मला वॉर्डात हलवलं तेव्हा भाउजू थर्मास घेऊन आली. तांदळाची पेज होती. आधी जाऊन तिनं वॉर्डच्या सिस्टरला विचारलं, द्यायची का, किती द्यायची, किती गरम चालेल. परत येऊन माझ्या उशाशी बसली आणि झाकणात ओतून फुंकर घालत चमच्यानं पाजायला लागली.

दुपारचं अवाक्षर काढलं नाही तिनं. दाइनं ऑपरेशन नीट झाल्याचं कळताच समोरच्या दुकानात जाऊन दोन प्लेट मोमो खाल्ले आणि आता त्याचंच पोट दुखतंय, ते सांगितलं. निनी सकाळपासून दारात बसून आहे, येणाऱ्या जाणाऱ्याला माझी खबर विचारतेय, ते सांगितलं. मी तिच्या पिशवीकडे बघत होते. त्यात एक टॉवेल होता आणि माझे मोजे. दुसरं काही नव्हतं. मला चीड यायला लागली. सगळं ऐकलंय हिनं. माझ्या तोंडून, हिच्या कानांनी. आता तर भीती नाही, आता तर मी बाहेर आलेय, आता आणायला काय झालं होतं? का मी शुद्धीत असताना पुन्हा तोंड उघडून मागायचं?

मागितलं.

“भाउजू, सगुन नाही आणलंत?”

तिनं चमचा झाकणात ठेवला. तिची बोटं भांडी घासून घासून चिरलेली आहेत, ती मी रोज बघते.

“दुपारी दिलं की,” ती म्हणाली. “तू घेतलंस.”

त्यात काही नव्हतं, असं मी म्हणणार होते. ते जिभेवर आलंही होतं. पण ती माझ्याकडे बघत नव्हती, थर्मासचं बूच घट्ट करत होती, जे घट्टच होतं. मग तिनं पुन्हा चमचा पुढे केला आणि मी राहिलेली पेज संपवली.

तेवढ्यात वॉर्डची नवी पोरगी ऑक्सिजन बघायचा चिमटा घेऊन आली. डाव्या हातात सुई होती म्हणून तिनं उजवा मागितला. मी पांघरुणातून हात काढला तेव्हा माझं मलाच दिसलं की मूठ वळलेली होती. दुपारपासून तशीच असावी, बोटं आखडली होती.

“मूठ सोडा ना, दिदी,” पोरगी म्हणाली. “बोट मोकळं पाहिजे.”

“पायाच्या बोटाला लाव,” मी म्हटलं, आणि पांघरुणातून पाय बाहेर काढला.